अळ्या कातेवर बसल्या तेव्हा

फांद्या कापायला येणारे दोघे त्या सकाळी आले नाहीत. मामंजी चौकशी करून परत आले आणि चपला झटकत म्हणाले, "वीटभट्टीवर लागले. म्हणतात, तिथं सावली आहे."

"वीटभट्टीवर सावली!" वन्सं म्हणाल्या. "उद्या म्हणतील, विहिरीत कोरडं असतं."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सासरी पटलं नाही म्हणून परत आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. आल्या तेव्हापासून रेशमाची शेड त्यांच्याच ताब्यात. गावात त्यांना मागून फौजदार म्हणतात. पुढून कुणी काही म्हणत नाही.

तर कामाला उरलो आम्ही चौघं. वन्सं, मामंजी, माझा नवरा आणि मी. पाचवी आमची ढब्बू, नुकतीच पळायला लागलेली, तिला शेडमध्ये यायला बंदी. ऊन असं की तुतीच्या फांद्या पहाटे कापल्या तरी शेडपर्यंत येईतो पानं मान टाकायची. खिडक्यांना ओली पोती बांधायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. नवरा आणि मामंजी कापायचे, भारे डोक्यावरून आणायचे. वन्सं आणि मी रॅकच्या खालच्या कप्प्यापासून वरच्या कप्प्यापर्यंत फांद्या पसरायचो. खाली वाकून, मग उभं राहून, मग स्टुलावर चढून. रॅक संपला की पुढचा. पोती भिजवली की पहिला.

रेशमाच्या अळीला वास सोसत नाही. अळ्या घरात असल्या की पावडर नाही, वासाचं तेल नाही, मामंजींची तंबाखू नाही. तंबाखू नसली की मामंजी दिवसभर एका काडीशी भांडत बसायचे. डोकं चोळायचा बामही नाही. कुणाचं डोकं दुखलं तर त्यानं ते आपल्या डोक्यातच ठेवायचं.

माझं दुखत होतं. मी ठेवत होते.

त्या दिवशी दुपारी मधल्या रॅकवर पाला टाकताना माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी चमकलं. बारीक, करवतीच्या दात्यांसारखं, थरथरणारं. ते वाढत गेलं. समोरच्या कप्प्यातल्या अर्ध्या अळ्या दिसेनाशा झाल्या. म्हणजे काळोख नाही, नुसत्या नव्हत्याच तिथं. पान होतं, त्याच्या पुढे चमचमणारी वाकडीतिकडी रेघ, तिच्या पलीकडे काही नाही. मी रॅकचा खांब धरला.

"झोप लागली का उभ्या उभ्या?" वन्सं पलीकडून म्हणाल्या.

"नाही. घाम गेला डोळ्यात."

"घाम पुसायला पदर असतो. खांब नाही."

थोड्या वेळानं रेघ बाहेरच्या बाजूला सरकत सरकत गेली. मग उजव्या कानशिलात ठोका सुरू झाला. मी फांद्या पसरत राहिले. शेड धुताना वापरतो त्या ब्लीचिंगच्या पावडरीनं डोळे बिघडले असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत हे एकदोनदा झालं होतं, तेव्हा ब्लीचिंग कुठे होतं, हा प्रश्न मनात यायचा. तो मी बाजूला सारायची. हल्ली हे वरचेवर व्हायला लागलं होतं.

संध्याकाळचा पाला टाकून झाला की मी नळावर हातपाय धुवायची, स्वयंपाकघरात यायची आणि फळीवरच्या मिठाच्या बरणीमागून पाकीट काढून एक गोळी गिळायची. मूल राहू नये म्हणूनची गोळी. घड्याळ बघावं लागत नसे. अळ्यांचं पोट हेच घड्याळ. ते चुकायचं नाही, म्हणून मीही चुकायची नाही.

ढब्बूच्या बाळंतपणात माझं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर नर्सवर ओरडत होते ते मला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि अंगाखालून काहीतरी ऊन ऊन निसटत होतं. मला वाटत होतं, कुणीतरी ते उचलून परत आत घालावं. त्यानंतर कितीतरी महिने जिना चढताना मला भिंत लागायची. आता कुठे अंगात जीव आला होता. पुन्हा पोटुशी राहायची वेळ आली तर मी मरेन, असं मला अगदी शांतपणे वाटायचं. रडू वगैरे यायचं नाही. उद्या ऊन पडणार, इतकं ते साधं वाटायचं.

नवऱ्यानं समजून घेतलं. चार महिन्यांपूर्वी बाजारातल्या औषधाच्या दुकानातून पहिलं पाकीट घेऊन आला. "दुकानदार म्हणाला, सगळ्या हेच नेतात."

"सगळ्या म्हणजे कोण?"

"आता मी काय नावं विचारत बसू?"

तेवढ्यावर झालं. कुणी माझा रक्तदाब बघितला नाही, कुणी काही विचारलं नाही. घरात त्या गोळ्या आम्हा दोघांनाच ठाऊक होत्या. वन्संना कळलं तर त्या काय म्हणतील, हे मी रोज नव्यानं ठरवायची. म्हणणाऱ्या त्या एकट्या, पण माझ्या मनात त्यांची भाषणं रोज वेगळी असत.

मग अळ्या कातेवर बसल्या.

अळी मोठी व्हायची तर तिला जुनी कातडी टाकावी लागते. त्याआधी ती खाणं सोडते, डोकं वर उचलते आणि तशीच बसून राहते. त्या वेळी पाला टाकायचा नाही. वरून चुना भुरभुरवायचा, बिछाना कोरडा ठेवायचा, आणि सगळ्या उठेपर्यंत वाट बघायची. ही शेवटची कात. हिच्यानंतर त्या अशा खायला लागतात की माणसाला पाणी प्यायला फुरसत होत नाही. एरवी शेडमध्ये खाण्याचा आवाज चालू असतो, लांब कुणीतरी वर्तमानपत्र फाडत बसल्यासारखा. तो थांबला. इतकं शांत झालं की मामंजींचं काडी चावणं ऐकू यायला लागलं.

"झोपा," वन्संनी फर्मावलं. "परवापासून मेलात तरी रजा नाही."

आम्ही झोपलो. दुपारीच झोपलो. संध्याकाळी नवरा अंघोळ करून आला, केस ओले, आणि कित्येक दिवसांनी त्याला पाल्याचा वास येत नव्हता. ढब्बूला मामंजींनी आपल्याजवळ घेतलं, तिला त्यांच्या पोटावर झोपायला आवडतं. आम्ही मागच्या खोलीत दार लावून बोलत पडलो. बोलणं फार वेळ चाललं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. नळावर जायचं कारण नव्हतं, कारण पाला नव्हता. दोन संध्याकाळी मी माणसासारखी झोपले.

तिसऱ्या दिवशी अळ्या उठल्या. नव्या कातडीत, जरा पिवळट, भुकेनं डोकी हलवणाऱ्या. सकाळपासून जी पळापळ सुरू झाली ती थेट संध्याकाळच्या पाल्यापर्यंत. मग मी नळावर गेले, हात धुतले, आत आले, बरणीमागून पाकीट काढलं.

दोन गोळ्या जिथल्या तिथं होत्या. कालची आणि परवाची.

मी पाकीट उलटं करून बघितलं, जणू मागच्या बाजूनं खाल्ल्या असतील. नवीन पाकीट सुरू होऊन चारच दिवस झाले होते. दुकानदारानं म्हटलं होतं, एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दोन चुकल्या तर काय, ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. एक गोळी मी तिथल्या तिथं गिळली. दुसरी घ्यावी की नको ते कळेना. हातात धरून उभी राहिले. बाहेरून वन्सं ओरडल्या, "मीठ नवीन तयार करतेस का?"

सकाळी तुतीत मी नवऱ्याच्या मागे गेले. तो विळ्यानं फांद्या कापत होता, मी मोळ्या बांधत होते. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. तुतीत नाही.

"ऐक. माझ्या दोन गोळ्या राहिल्या."

"कशा राहिल्या?"

"अळ्या कातेवर होत्या. पाला नव्हता. विसरले."

विळा थांबला. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत गेला. त्या दोन दिवसांचं त्यालाही आठवलं असणार, कारण तो लाजला, आणि मग त्याचं तोंड उतरलं.

"दुकानात विचारून येतो. नंतर घ्यायची पण गोळी असते म्हणतात."

"त्या दुकानदाराला विचारूनच सुरू केल्या. आता त्यालाच विचारून निस्तरायचं?" माझा आवाज चढला. "तो मला ओळखतो? माझं डोकं, माझं पोट, काही माहीत आहे त्याला?"

"हळू. अण्णा पलीकडच्या सरीत आहेत." अण्णा म्हणजे मामंजी. त्यानं विळा खांद्यावर टाकला. "मग दवाखान्यात जा. आजच. मी नेलं असतं, पण कापायला मी नसलो तर..."

रोज दुप्पट पाला लागायचा होता. तो हलला तर अळ्या उपाशी. मी हलले तर वन्सं एकट्या. आणि वन्संना सांगायचं काय?

मी दाताचं निमित्त काढलं.

"वन्सं, दाढ फार दुखतेय. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

वन्सं फांदी पसरत होत्या. मागे वळल्या नाहीत. "कुठली दाढ?"

"ही. डावी."

"रात्री तर उजव्या बाजूनं चावत होतीस. म्हणजे डावीच." त्यांनी फांदी ठेवली. "चल. हा पाला संपला की दुपारच्या पाल्यापर्यंत वेळ आहे. स्कूटर मी काढते. तू चालवलीस तर दाढेबरोबर पायही दाखवावा लागेल."

"तुम्ही कशाला? शेड..."

"अण्णा बघतील. काडीपेक्षा अळ्या बऱ्या."

मला नकार देता येईना. त्यांच्या मागे बसून, पदर घट्ट धरून, मी सबंध रस्ता मनात वाक्यं जुळवत होते. त्यांना बाहेर कसं बसवायचं याची.

दवाखान्याच्या पडवीत बाकं होती, त्यावर बायका, मुलं, एक म्हातारा पाय वर घेऊन. आमची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बसा, मी येते."

"बसते की," असं म्हणून त्या माझ्या मागोमाग आत आल्या आणि पडद्यापाशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. नाक लाल, हातात रुमाल. "काय होतंय?"

मी वन्संकडे बघितलं. वन्सं छताकडे बघत होत्या.

मग जे व्हायचं ते होवो म्हणून मी सांगून टाकलं. गोळ्या, कधीपासून, दुकानातून, दोन राहिल्या, कोणत्या दिवशी, आणि त्याच दिवशी. शेवटचं वाक्य मी टेबलाच्या काचेला सांगितलं.

"चुकल्या म्हणजे आकाश कोसळलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पुढची नेहमीसारखी. दोन राहिल्या की मात्र सात दिवस त्या गोळ्यांवर विसंबायचं नाही, दुसरी काळजी घ्यायची. तुझ्या पाकिटाच्या सुरुवातीलाच राहिल्या, आणि मध्ये संबंध आलाय. म्हणून आज आलीस ते छान केलंस. आधी लघवी तपासू, मग रक्तदाब. बस."

लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. अर्थात दोन दिवसांत कळणारही नाही, त्या म्हणाल्या, पण आधीचं काही नाही एवढं नक्की झालं. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. रक्तदाब चांगला होता. मग त्या एकेक विचारायला लागल्या. सिगारेट, तंबाखू? नाही. पायाची पोटरी कधी एकदम सुजून दुखली? नाही. घरात कुणाला तरुणपणी रक्ताची गाठ, अर्धांगवायू? नाही. बाळाला अंगावर पाजतेस? आता नाही.

"डोकं दुखतं?"

"सगळ्यांचंच दुखतं."

"सगळ्यांचं मी सगळ्यांना विचारते. तुझं विचारतेय. दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही येतं? दिवे, चमकणाऱ्या वाकड्या रेघा, अर्धंच दिसणं?"

ही बाई माझ्या डोळ्यांच्या आत जाऊन आली होती. आणि मला हेही कळलं की हा प्रश्न उगाच नाही. हो म्हटलं तर ही माझ्या गोळ्या काढून घेणार. गोळ्या गेल्या की माझ्याजवळ काय उरतं? तो बाळंतपणाचा पलंग, आणि खालून जाणारं ऊन ऊन.

"नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलते, डॉक्टर."

वन्सं भिंत सोडून पुढं आल्या होत्या.

"डोळ्याला काहीतरी होतं हिला. रॅकचा खांब धरून उभी राहते. फांदी कप्प्यात ठेवायची ती हवेत ठेवते, हात पानाच्या बाजूनं निघून जातो. मग तोंड पांढरं पडतं आणि सबंध संध्याकाळ भिंतीकडे वळून बसते. गेल्या आठवड्यात दोनदा झालं. आधी एवढं नव्हतं. हे चार महिन्यांतलं."

या घरात सगळ्यांवर नजर ठेवणारी मी, असं मला वाटायचं.

"मग मला बोलल्या का नाही?" मी म्हटलं. दवाखान्यात आहोत याचं भान राहिलं नाही.

"तू बोललीस का? मला वाटलं, दिवस गेलेत आणि लपवतेस."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. "झालं तुमचं? बरं. आता तू सांग. स्वतःच्या तोंडानं."

मी सांगितलं. करवतीचे दाते, नाहीशा होणाऱ्या अळ्या, बाहेर सरकणारी रेघ, मग ठोके. किती वेळ टिकतं, तेही. त्या मान डोलवत ऐकत होत्या.

"ही अर्धशिशी. आधी दिवे दिसणारी. तुझ्या पाकिटातल्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, त्यातलं एक, इस्ट्रोजेन, अशा अर्धशिशीवाल्या बाईला द्यायचं नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ होण्याचा धोका वाढतो. घाबरू नकोस, तुझ्या वयात ते फार थोड्या जणींना होतं. पण होतं तेव्हा अर्धं अंग जातं. आणि बिनधोक उपाय हातात असताना आपण ते का ओढवून घ्यायचं? ह्या गोळ्या आज बंद. पुन्हा कुणी कितीही चांगल्या आहेत म्हणालं तरी दोन संप्रेरकांचं काही घ्यायचं नाही. गोळी नाही, पट्टी नाही, रिंग नाही. कुठेही गेलीस तरी आधी हे सांगायचं."

"मग मी काय करू?" मी विचारलं. "मला पुन्हा नाही जमणार. डॉक्टर, खरंच नाही जमणार."

"काय नाही जमणार?"

वन्संच म्हणाल्या, जरा हळू आवाजात, "पहिल्या खेपेला हिचं रक्त फार गेलं होतं. बाहेर उभी होते मी. बादली घेऊन जाताना बघितली."

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"तुझ्यापुढं एकच दार नाही. एकाच संप्रेरकाची गोळी असते, इंजेक्शन असतं, दंडात बसवायची काडी असते. ही तिन्ही तुला चालतात. पण आज आपल्याला मागच्या दोन दिवसांचंही बघायचंय. त्याला गोळी आहे, तीही तुला चालेल. पण तांबी बसवली तर दोन्ही कामं होतात. संबंध आल्यावर पाच दिवसांच्या आत बसवली तर गर्भ राहू देत नाही, याहून खात्रीचं काही नाही. आणि मग वर्षानुवर्षं काम करते. तीत संप्रेरक नसतं, तुझ्या डोक्याला तिचा त्रास नाही. आणि विसरायचा प्रश्नच नाही."

"रक्त?" मी विचारलं.

"पाळीला जास्त जाईल, पोटात कळ येईल, पहिले काही महिने. बाळंतपणातलं रक्त वेगळं, हे वेगळं. तुझं हिमोग्लोबिन बघते आधी. कमी असेल तर दुसरं काही ठरवू. नको असेल तर नको म्हण, मी रागावत नाही. नाक वाहत असताना मला रागावता येत नाही."

मी हसले. मला हसू आलं याचं मलाच नवल वाटलं.

हिमोग्लोबिन ठीक निघालं. मी हो म्हटलं.

"घरी विचारायला नको?" कागद लिहिणारी नर्स म्हणाली.

"तिला विचारलं की," वन्संनी सुनावलं. "अजून कुणाला विचारायचं राहिलंय? अळ्यांना?"

आतल्या टेबलावर मी आडवी झाले. थंड काहीतरी लागलं, मग ओटीपोटात एक खोल चिमटा, पाठीपर्यंत गेलेला. मी दात आवळले. वन्सं डोक्याशी उभ्या होत्या. त्यांच्या हाताला पाल्याचा हिरवा डाग होता, तो हात त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला नाही, टेबलाच्या कडेवर ठेवला, माझ्या हाताच्या शेजारी. मी तो धरला. तो चुन्यानं खरखरीत झाला होता.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरलीस त्याच्या निम्म्यानंही दुखलं नसेल. तीन आठवडे होऊन गेले आणि पाळी आली नाही तर तपासायला ये. पोटात असह्य दुखलं, ताप आला, तर ताबडतोब ये. आणि दिवे दिसताना कधी हातपाय बधिर झाले, बोलणं अडखळलं, तर तासभरही थांबायचं नाही."

येताना वन्संनी स्कूटर हळू चालवली. खड्डा आला की थांबवायच्या आणि पाय टेकून पुढं ढकलायच्या. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"कशाला?"

"दुसरं मूल हवं म्हणाल. घराला माणसं हवीत म्हणून."

"घराला फांद्या कापणारी माणसं हवीत," वन्सं म्हणाल्या, "आणि ती पोटातून काढायची तर वीस वर्षं लागतात. तोवर पाला कोण टाकणार?" पुढं खड्डा होता, तो त्यांनी वळसा घालून चुकवला. "मला मूल झालं नाही म्हणून त्यांनी पाठवलं परत. बाईच्या पोटाबद्दल सगळ्यांनी बोलायचं आणि तिनं नाही, ते मी बघून आलेय. मी कशाला बोलू? पण डोळे जातात, तोंड पांढरं पडतं, हे लपवायचं नाही. अळी आजारी पडते ना, ती आधी नुसतं डोकं हलवते. कुणी बघितलं तर वाचते. नाही बघितलं तर कप्पाच्या कप्पा जातो."

शेडपाशी पोचलो तेव्हा मामंजी दारात उभे होते, हातात फांदी. "दाढ काढली?"

"मुळासकट," वन्सं म्हणाल्या.

नवरा भारा खाली टाकून आला. मी त्याला नुसती मान हलवून दाखवली. त्याला पुरतं कळलं नसणार, पण त्यानं भारा पुन्हा उचलला तो जरा हलका असल्यासारखा.

त्या दिवशी वन्संनी मला स्टुलावर चढू दिलं नाही. खालचे कप्पे तुझे, वरचे माझे. पुढचा आठवडा मग पाल्याखाली गाडला गेला. अळ्या बोटाएवढ्या झाल्या, मग काचेसारख्या झाल्या, मग जाळ्यांवर चढून कोष विणायला लागल्या. दिवे एकदाच दिसले. मी खांब धरायच्या आधी म्हटलं, "वन्सं, आले." त्यांनी माझ्या हातातली फांदी काढून घेतली आणि मला बाहेर ओल्या पोत्यांच्या सावलीत बसवलं. हात हलतोय का, बोलता येतंय का, म्हणून मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. शुक्रवार-गुरुवारपाशी मी गडबडले, तर म्हणाल्या, "हे तुझं एरवीचंच आहे."

पण पाळी आली नाही. कोष गेले. शेड रिकामी झाली. तिसरा आठवडा लागला. डॉक्टरीणबाईंचं सगळं मला पटलेलं होतं, तरी मी सकाळी उठल्याबरोबर पोटावर हात ठेवायची. मळमळतंय का? नाही. मळमळत नाही, म्हणून काय झालं, ढब्बूच्या वेळीही उशिराच मळमळलं होतं. नवरा काही विचारायचा नाही. फक्त मी मोरीतून बाहेर आले की हातातलं काम थांबवून बघायचा. मी नाही म्हणून मान हलवायची, तो पुन्हा कामाला लागायचा.

शेड धुवायच्या दिवशी सगळे आत होतो. नवरा शिडीवर चढून छताची जाळी झाडत होता, वन्सं पाइपनं रॅक धूत होत्या, मामंजींना आता तंबाखूची मोकळीक होती म्हणून ते दारात बसून सूचना देत होते. मी जमीन घासत होते. घासता घासता ओटीपोटात कळ आली, ओळखीची, खालच्या बाजूला ओढणारी. मी घासणी टाकली आणि मोरीकडे गेले.

परत आले तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. नवऱ्यानं शिडीवरून बघितलं. मामंजी तिथंच होते, मोठ्यानं काही सांगता येईना. मी म्हटलं, "अहो, ते... आलं."

त्याच्या हातातली झाडणी सुटली आणि मामंजींच्या पुढ्यात पडली. मग तो हसायला लागला. शिडी धरून, डोकं पत्र्याला लागेल इतकं मागे टाकून, त्याला थांबताच येईना.

"काय रे? काय झालं?" मामंजी विचारत राहिले. "अरे, झालं काय?"

"काही झालं नाही, अण्णा," वन्सं म्हणाल्या आणि पाइप बंद केला. "म्हणून तर हसतोय."

त्यांनी बादली पालथी केली, माझ्याकडे सरकवली आणि घासणी स्वतः उचलली. मी बसले. पोटात पुन्हा कळ आली, आधीपेक्षा जोराची, आणि मी ती येऊ दिली.